पंखवाले नाना

लष्करातल्या आमच्या गोठीत शिरून ‘पंखवाले नाना कुठे राहतात’ असं कुणालाही विचारा. तो आधी तुमच्या हाताकडे बघेल आणि हातात टेबलफॅन दिसला नाही तर गोंधळेल. हिंदीत पंख आणि पंखा यांच्यात फरक एका कान्याचा, आणि ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिसावर गेला की तेवढा काना कुणाला ऐकू येत नाही. मे महिन्यात नानांच्या ओट्यावर बंद पडलेल्या पंख्यांची रांग लागते.

“पंखे नहीं भाई, पंख! परिंदों के!” नाना आतून ओरडतात.

“तो उनका क्या होता है?”

“आदमी को लगते हैं.”

“फिर आदमी उड़ता है?”

“अभी तक तो नहीं.”

माणूस क्षणभर विचार करतो आणि टेबलफॅन तिथेच ठेवून निघून जातो. ज्याला माणसाला पंख लावता येतात त्याला पंखा दुरुस्त करणं काय जड, असा त्याचा हिशेब. तो चुकतो. नाना पंखा उघडतात, त्यातली एक स्प्रिंग, दोन वायसर आणि एखादा लांबसर स्क्रू स्वतःच्या कामासाठी काढून घेतात आणि उरलेला पंखा जिन्याखाली सरकवतात. मालक दोन-चार चकरा मारतो, तेवढ्यात पाऊस पडतो, आणि मग पंख्याची आठवण कुणालाच राहत नाही. जिन्याखाली सध्या सात पंखे आहेत.

गोठ म्हणजे गुरांचा गोठा नव्हे, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली छावणी टाकली, तिचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. तिथल्या मराठी वाड्यांभोवती जी वस्ती जमली तिला गोठ म्हणतात. वाडे गेले, भाऊबंदकी राहिली, आणि गल्ल्या तर इतक्या अरुंद राहिल्या की समोरून स्कूटर आली तर एकाने कुणाच्या तरी घरात शिरायचं. अशा गल्लीत राहून नाना बारा फूट लांबीचे पंख करतात.

नोकरीने नाना नॅरोगेजचे. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून पटणार नाही. सुमारे दोनशे किलोमीटरचं अंतर ती दहा-अकरा तासांत कापायची. डब्यात जेवढी माणसं, तेवढीच टपावर. नाना तिच्या शेडमध्ये फिटर होते. २०२० साली गाडी बंद पडली तेव्हा नाना निवृत्त होऊन बसले होते, तरी तीन दिवस जेवले नाहीत. आयुष्यभर दोन फुटांच्या मापात काम केलेल्या माणसाने घरी येऊन बारा फुटी पंख का करावेत, यावर एखाद्याने प्रबंध लिहिला असता. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, ते एका वाक्यात उरकलं. “दाबलेलं माणूस आहे ते, आता पसरून राहिलंय.”

नानांची माणूस ओळखण्याची रीत वेगळी आहे. ते पाठ बघतात. बाजारात भेटले तर तुमच्या चेहऱ्याकडे पाहून ओळखीचं हसतीलच असं नाही, पण तुम्ही वळलात की लगेच हाक मारतील. शेजारच्या मुलीला बघायला मुलगा आला होता. बाकीच्यांनी पगार विचारला, पत्रिका विचारली. नानांनी त्याला उभं राहून जरा भिंतीकडे तोंड करायला सांगितलं. बिचारा उभा राहिला. नानांनी त्याच्या दोन्ही खवाट्यांच्या मधलं अंतर वितीने मोजलं आणि निर्णय दिला, “करून टाका. खांदे समान आहेत.” संसार उत्तम चाललाय.

माझ्या पाठीचा शोध नानांना असाच लागला. मी ओट्यावर वाकून चपलेचा अंगठा सांधत होतो. मागून आवाज आला, “हलू नको.” त्या दिवसापासून मी ग्वाल्हेरच्या मराठी समाजाचा जटायू आहे.

पण ही गोष्ट त्याच्याही फार आधी सुरू होते. सगळ्या थोर माणसांच्या आयुष्यात एक अन्याय असतो. नानांच्या आयुष्यातला अन्याय वयाच्या आठव्या वर्षी गणपतीतल्या वेशभूषा स्पर्धेत झाला. ग्वाल्हेरची वेशभूषा स्पर्धा म्हणजे चार झाशीच्या राण्या, तीन तानसेन आणि एक भाजीवाली. राणीची समाधी फूलबागेत, तानसेनची कबर हजिऱ्याला, त्यामुळे मुलांना लांब जावं लागत नाही. अलीकडे एक-दोन अटलजीही असतात. त्यांना भाषण पाठ करावं लागत नाही, नुसतं डोळे मिटून थांबता आलं पाहिजे. तर नानांच्या आईने त्यांना मोर केलं होतं. खराट्याच्या काड्या, निळ्या शाईत बुडवलेली वर्तमानपत्रं आणि डोक्यावर फुलवातीचा तुरा. महिनाभर खपून केलेला पिसारा. मंचावर नानांनी तो उघडला तेव्हा उजवी बाजू उघडली आणि डावी अडकली. डावीकडून मोर, उजवीकडून मोर, अशी दोन्हीकडची दाद मिळायची होती, ती एकाच बाजूने मिळाली. पहिलं बक्षीस एका तानसेनला गेलं. त्याने काहीही केलं नव्हतं. घरातला तंबोरा धरून मांडी घालून बसला होता.

नानांना मिळालं उत्तेजनार्थ. स्टीलची वाटी. ती वाटी अजून घरात आहे आणि त्यात खळ भिजवतात. उत्तेजन एखाद्याला किती वर्षं पुरावं याचा हा नमुना आहे.

नानांचा मूळ सिद्धान्त असा की पंख विकत आणायचा नसतो. बाजारात परीचे पंख मिळतात, तारेवर जाळी ताणलेले, बटण दाबलं की चमकणारे. नाना त्यांना ‘डासांची जाळी’ म्हणतात. खरा पंख हाडापासून सुरू होतो. हाड पतंगाच्या बांबूचं. पुढची बोटं जुन्या छत्रीच्या काड्यांची, कारण मिटायचं आणि उघडायचं गणित छत्रीवाल्याने आधीच सोडवून ठेवलंय. स्नायू सायकलच्या ब्रेकच्या वायरीचे. खांद्याचं खोगीर शाळेच्या दप्तरांच्या पट्ट्यांचं. मग कागदाचा लगदा. वर्तमानपत्रं दोन दिवस भिजवायची, कुटायची, त्यात मुलतानी माती आणि मेथ्यांचं वाटण घालायचं. मेथ्यांनी कीड लागत नाही. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळ जवळ येत नाही. जवळ येणाऱ्या माणसांचंही प्रमाण त्या वासाने कमी झालेलं आहे.

आणि पिसं. पिसं कागदाची, पण एकेक वेगळी कापलेली, प्रत्येकाला मधोमध काडीचा दांडा आणि दांड्याच्या एका बाजूची पात रुंद, दुसऱ्या बाजूची अरुंद. मी एकदा म्हटलं, “नाना, पंधराव्या रांगेतून कोण बघणार?” नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी ब्रेक न तपासता गाडी सोडा म्हणालो. “दोन्हीकडे सारखी पात असली तर ते पीस नाही, ते केळीचं पान. हवा कापायची बाजू अरुंद असते.” त्यांचे पंख कधी हवा कापणार नव्हते. पण कापायची वेळ आलीच, तर पिसांकडून कसूर होणार नव्हती.

घरात पंखांना माणसांपेक्षा जास्त जागा लागायची. माजघरातल्या खाटेवर उजवा, दिवाणावर डावा, दोरीवर सुकणारी पिसं. काकू जमिनीवर चटई टाकून झोपायच्या आणि आल्या-गेल्याला सांगायच्या, “आमच्याकडे गिधाडाला खाट आहे.” पण भात वाळत घातलेल्या चादरीवर नानांनी पिसं पसरली तर काकू भात उचलायच्या, पिसं उचलायच्या नाहीत. हे मी बघितलेलं आहे.

गिधाड आलं ते गीतरामायणामुळे. मंडळाने गणपतीत गीतरामायणावर नृत्यनाटिका बसवायचं ठरवलं. छप्पन्न गाण्यांतली बारा निवडली. पैकी एक जटायूचं होतं, कारण गायकाला ते गायचं होतं. ज्याला दुसरी कुठलीच भूमिका जमत नाही असा माणूस हवा होता आणि माझी पाठ नानांच्या ताब्यात होतीच. पंख कोण करणार हे विचारण्याची कुणाची छाती नव्हती.

नाना अभ्यासाला लागले. पहिली अडचण अशी की नमुन्याला गिधाड नव्हतं. नाना लहान असताना शहराबाहेर मेलेल्या ढोरांवर गिधाडांची पंगत बसायची. मग ढोरांना देतात त्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि नव्वदच्या दशकात बघता बघता ती आकाशातून पुसली गेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता. नाना म्हणायचे, “रावणाने एक मारला, तर रामायण झालं. इथे लाखो गेले, कुणी गाणं नाही केलं.” एवढं बोलून ते मटण बाजाराच्या गल्लीत घारी बघायला गेले. तिथे दोन तास मान वर करून उभे राहिले. खाटकाने शेवटी विचारलं, “बाबूजी, लेना क्या है?” नाना म्हणाले, “मोड़ते कैसे हैं, देख रहा हूँ.” खाटकाने सुरी खाली ठेवली.

दुसरा नमुना किल्ल्यावर. तेली मंदिराच्या दारावर पंख पसरलेला गरुड कोरलेला आहे, आठव्या-नवव्या शतकातला. जटायू हा अरुणाचा मुलगा आणि अरुण गरुडाचा भाऊ, म्हणजे गरुड जटायूचा सख्खा काका. “पुतण्याचं माप काकावरून घ्यायला हरकत नाही,” असं म्हणून नानांनी मला किल्ल्यावर नेलं आणि दारासमोर, पर्यटकांच्या देखत, हात पसरून उभं केलं. एक परदेशी बाई माझा फोटो काढून गेल्या. त्या देवळाबद्दल नानांना विशेष माया आहे. वरचा घाट दक्षिणेकडचा, अंगावरची नक्षी उत्तरेची. “आपल्या मराठीसारखं,” ते म्हणतात, “धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही, पण बाराशे वर्षं उभं आहे.”

केरळात चडयमंगलमला जटायूचं दोनशे फूट लांब शिल्प झाल्याची बातमी २०१८ मध्ये आली, तेव्हा मी कात्रण घेऊन धावत गेलो. नानांनी चष्मा वर करून बघितलं. “सिमेंटचं आहे. हलत नाही.” कात्रण लगद्यात गेलं.

सगळं जमत होतं. फक्त एक गोष्ट नानांच्या लक्षात फार उशिरा आली, आणि ती म्हणजे रामायण. जटायूचे पंख रावण तोडतो.

आठ महिने खपून, दीडशेवर पिसं एकेक कापून, चिकटवून, रंगवून केलेले पंख, आणि तिसऱ्याच मिनिटाला एक कर सल्लागार येऊन ते खड्गाने तोडणार. आमचा रावण कर सल्लागार होता. नाना त्याच्या कचेरीत गेले.

“तोडायलाच पाहिजेत का?”

“नाना, वाल्मीकींनी लिहिलंय.”

“नुसतं धाक दाखव ना. जटायू म्हातारा आहे. घाबरून बसेल.”

“मग मरेल कशाने?”

नाना थोडा वेळ गप्प बसले. “वयाने.”

ते काही मंजूर झालं नाही. नानांनी मग त्या घराण्याचा इतिहास काढला. जटायूचा थोरला भाऊ संपाती, तोही सूर्याजवळ गेला आणि पंख जाळून बसला. “त्या घरात पंखांचं नशीबच खोटं,” असं म्हणून त्यांनी सुस्कारा टाकला आणि नाइलाजाने रेल्वेकडे वळले. प्रत्येक पंख खांद्याला एका खिळीवर अडकवला. खिळीला मागून स्प्लिट पिन. पिनेला दोरी. दोरीचं टोक माझ्या मुठीत. रावणाने वार करायचा, मी दोरी ओढायची, पिन निघायची, पंख खाली. डबा इंजिनापासून सुटतो तसा. घरी चाळीस वेळा तालीम झाली. चाळीसही वेळा पंख खाली पडायच्या आत नानांनी तो झेलला.

प्रयोगाची रात्र. आता सांगतो ते सगळं गोठीला पाठ आहे, पण माझ्या तोंडून फारसं कुणी ऐकलेलं नाही. मी विंगेत आडवा उभा, कारण सरळ उभं राहिलं तर पंख पडद्यात जात. दोन्हींचं मिळून वजन अकरा किलो, त्यातलं सहा डावीकडे. नानांचा डावा पंख नेहमीच जड होतो. त्या मोराच्या दिवसापासून डाव्या बाजूची त्यांना काळजी वाटते, आणि काळजीपोटी ते तिथे एक थर जास्त देतात. शिवाय आत काही दिसत नव्हतं. चोच इतकी हुबेहूब होती की ती चढवल्यावर मला थेट खाली, स्वतःच्या पायांपाशीच दिसायचं.

मी रंगमंचावर गेलो. वायर ओढली. पंख उघडले. मला ते दिसले नाहीत, पण ऐकू आले. पुढच्या रांगेतून ‘आऽऽ’ असा आवाज आला, तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि पोरांच्या शिट्ट्या घेऊन परत आला. माझ्या आयुष्यात माझ्याकडे बघून असा आवाज पुन्हा झालेला नाही.

रावणाने खड्ग उगारलं. उजवा वार. दोरी ओढली. पिन सुटली, उजवा पंख खाली. सुरेख. डावा वार. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा वार. पुन्हा दोरी. काही नाही. रावणाने तिसरा वार केला, तो आता मनापासून होता. तबलजी सम धरून थांबला आणि मग कंटाळून पुन्हा सुरू झाला. सीता रथात वाट बघत उभी. चोचीतून मला रावणाच्या मोजड्या दिसत होत्या आणि त्यांच्या वरून कुजबुज येत होती, “मर ना यार. मर ना.”

“पंख निघत नाही,” मी म्हणालो.

“मग तसाच मर!”

मी तसाच मरायला वळलो. इथे चूक झाली. बारा फुटांच्या पंखापैकी सहा फूट अजून माझ्या डाव्या खांद्याला होते आणि रावणाची दहा थर्मोकोलची तोंडं त्याच्या वाटेत होती. मी वळलो तशी डावीकडची चार मस्तकं एका झपाट्यात प्रेक्षकांत गेली. पाचवं लोंबत राहिलं. क्षणभर सगळं सभागृह गप्प झालं. मग एका पोराने ओरडून सांगितलं, “जटायू जीत गया!”

त्यानंतर गायकाने मरणाचं गाणं म्हटलं, पण रडलं कोणी नाही. रावण सीतेला न घेताच निघून गेला. पुढच्या प्रवेशात रामाने सीतेला कुठे शोधायचं यावर मंडळात अजून वाद आहे. अध्यक्षांनी समारोपात ‘कलेत नवे प्रयोग व्हायला हवेत’ असं म्हणून वेळ निभावून नेली.

आत येऊन मी खोगीर सोडलं. डाव्या खिळीला पिनेच्या मागून सुतळीच्या तीन गाठी मारलेल्या होत्या. गाठ रेल्वेची होती. ओळखता येते.

नाना समोर उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सुतळीकडे पाहिलं, मग पंखाकडे, एकही पीस दुमडलं नव्हतं.

“रात्री धीर धरवला नाही रे,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “पण उघडला ना, डावा?”

असे नाना. गेली पाच-सहा वर्षं पंखांचं काम थांबलं होतं. नृत्यनाटिका पुन्हा झाली नाही, नानांच्या बोटांना कापरं सुटलं आणि पंख माळ्यावर गेले. माझ्या मानेला विश्रांती मिळाली. मग गेल्या दिवाळीत नात आली. ती दिल्लीला शिकते.

“आजोबा, मला पंख हवेत. कॉस्प्लेसाठी.”

“कसला प्ले?”

“कॉस्प्ले. कॉस्च्यूम आणि प्ले, जपानी लोकांनी जोडलेला शब्द आहे. दिल्लीत कॉमिक कॉन भरतं ना २०११ पासून, तिथे सगळे काही तरी होऊन येतात. प्राणी, राक्षस, सुपरहीरो. स्वतः बनवलेलं असलं तर जास्त भाव.”

नाना विचारात पडले. “म्हणजे कोसभर लांब जाऊन करायचं ते कोस-प्ले. करतात की. कोकणात दशावतारात करतात, मोखाड्याला बोहाड्यात मुखवटे घालून नाचतात. आणि तिथे तानसेन असतात का?”

“नाही हो.”

“मग काढू.”

तिला ड्रॅगन व्हायचं होतं. तिने मोबाइलवर चित्र दाखवलं. नानांनी अंगठ्याने ते मोठं केलं आणि एकदम वैतागले. “याला चार पाय आहेत. वर दोन पंख. सहा झाले. सहा अवयव कुणाला असतात? किड्याला! पंख म्हणजे हातच असतो बाळा. पक्ष्याने हाताचा पंख केला. वटवाघळाने तर बोटं लांब केली आणि मधे कातडं ताणलं. हात पण ठेवायचे आणि पंख पण घ्यायचे, हा लबाडपणा आहे.”

मी म्हटलं, “नाना, गरुडालाही हात असतात. हात जोडून बसतो.”

“तो देव आहे,” नाना म्हणाले, “त्याचं वेगळं खातं.”

दोन दिवस भांडण चाललं. तिसऱ्या दिवशी नाना तिला गुजरी महालातल्या संग्रहालयात घेऊन गेले. तिथे सिहोनियाहून आणलेले दगडी शार्दूल आहेत, धड सिंह नाही, धड आणखी कोणी नाही असे. दोघं संध्याकाळी परत आली ती तह करूनच. प्राणी शार्दूल, पण हातांचेच पंख झालेला, वटवाघळासारखा, पाच बोटं, मधे ताणलेलं कातडं. नातीने सांगितलं की अशा दोन पायांच्या ड्रॅगनला विलायतेत वायव्हर्न म्हणतात. नाना म्हणाले, “म्हणोत बिचारे.”

मग साहित्य निघालं. नानांनी भिजवायला वर्तमानपत्रं काढली. नातीने पिशवीतून राखाडी रंगाचा जाड, मऊ पत्रा काढला. “ईव्हीए फोम, आजोबा. सगळे यातच करतात.” नानांनी दाबून पाहिला, वाकवून पाहिला, वास घेतला. “ही तर हवाई चप्पल आहे!” तिने गरम हवेचं यंत्र सुरू केलं, पत्र्यावर फिरवलं, पत्रा पिळला, धरून ठेवला, आणि गार झाल्यावर तो तसाच राहिला. चिंबोरीच्या कवचासारखा. नाना काही बोलले नाहीत. रात्री बारा वाजता मी पाणी प्यायला उठलो तर समोरच्या घरात दिवा होता आणि नाना काकूंच्या जुन्या स्लीपरचा एक पाय चिमट्यात धरून गॅसवर शेकत होते. दुसरा पाय आधीच पंजा झाला होता.

पुढचे तीन आठवडे त्या घरात दोन पिढ्यांचं जे चाललं ते ऐकायला गल्ली थांबायची. हाडं बांबूचीच राहिली. सांधे छत्रीचेच. कवच फोमचं. कातडं काकूंच्या एका जुन्या, विटक्या पैठणीचं, जी पंचवीस वर्षं कुणाला द्यायची यावरून घरात अबोला होता. काकूंनी ती स्वतः कात्रीसकट आणून ठेवली आणि म्हणाल्या, “काठ मात्र खालच्या कडेला येऊ द्या. दिसला पाहिजे.”

आणि मग नातीने खोगीर पाहिलं. “आजोबा, सगळं वजन खांद्यावर? खांद्यावर नाही द्यायचं. ट्रेकिंगच्या सॅकला कसा कमरेला पट्टा असतो, तसा द्यायचा. ओझं कमरेवर जातं.” पाच मिनिटांत तिने पट्टा लावला. मी तो घालून बघितला. वजन गेलं. मी नानांकडे पाहिलं. इतकी वर्षं माझी मान डावीकडे कललेली आहे.

नाना म्हणाले, “तुझ्या कमरेकडे कधी लक्षच गेलं नाही रे.”

पंख झाले, पण ते घराबाहेर कसे न्यायचे हा प्रश्न राहिला. गल्लीत ते उघडणार नव्हते. तेव्हा सगळी मंडळी गच्चीवर गेली. मी, काकू, नात, शेजारची चार पोरं आणि नाना, जिना चढताना दोनदा थांबून. समोर किल्ला उन्हात पिवळा झालेला. मानमंदिराच्या भिंतीवरची निळी फरशी तेवढी चमकत होती. नातीने पट्टा आवळला, हात पसरले, वायर ओढली. दोन्ही पंख उघडले. डावा आधी उघडला.

पण हवा नव्हती. पंख लोंबत राहिले. नातीला दिल्लीला जाण्याआधी चित्रफीत काढायची होती, पंख फडफडले पाहिजेत म्हणाली. नाना क्षणभर थांबले आणि पोरांना म्हणाले, “जिन्याखालून एक आण.”

पोरांनी सातही आणले. सहा चालू झाले नाहीत, कारण त्यांचं सामान नातीच्या खांद्यावर होतं. सातवा एका हलवायाचा होता, मागच्या मे महिन्यातला, नानांनी उघडायचा राहिलेला. तो दोनदा खोकला आणि सुरू झाला. पैठणीचा काठ थरथरला. पंख फुगले. नात हसायला लागली. पंखवाल्यांच्या घरी पहिल्यांदाच पंख्याने पंखाचं काम केलं. खाली गल्लीत लोक थांबले. पोरांनी शिट्ट्या घातल्या.

आणि लाइट गेली.

पंखा थांबला. पंख खाली आले. सगळे गप्प. मग काकू उठल्या. गच्चीच्या कोपऱ्यात डाळ पाखडून ठेवलेली होती. त्यांनी सूप रिकामं केलं, पदर खोचला, नातीच्या समोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी सूप हलवायला लागल्या. काठ पुन्हा थरथरला. काकूंच्या कपाळावर घाम आला, तरी थांबल्या नाहीत.

नाना खुर्चीवर बसून डोळे बारीक करून बघत होते. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार, काकूंना काहीतरी म्हणणार.

“अगं,” नाना म्हणाले, “जरा डावीकडून घाल वारा. तो जड आहे.”